ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

डॅशबोर्डवर लांब चोचीची तेलाची कुपी लाल पेटली की बहुतेकांचं ठरलेलं असतं. एक तर ‘ऑइल कमी झालं असेल, पुढच्या पंपावर लिटरभर टाकू’ म्हणत गाडी तशीच हाणायची. नाहीतर गॅरेजात ‘सेन्सर गेलाय’ असं ऐकायचं, तो बदलून घ्यायचा आणि निर्धास्त व्हायचं. दोन्हीकडे कामाचा क्रम चुकतो. या दिव्याच्या बाबतीत क्रम चुकला की काही मिनिटांत क्रँक आणि बेअरिंगचं काम निघतं, म्हणजे इंजिन खाली उतरवणं आलं.

खालचे टप्पे एका वायरच्या साध्या ऑइल प्रेशर स्विचच्या (गॅरेजवाल्यांचा ‘सेन्सर’ तो हाच) गाडीसाठी आहेत. जुनी मारुती ८००, झेन, अल्टो यांच्यापासून रस्त्यावरच्या कितीतरी छोट्या गाड्यांत हीच रचना आहे. नव्या गाड्यांत स्विचची वायर डॅशबोर्डऐवजी ईसीयूकडे (इंजिनच्या संगणकाकडे) जाते, काही गाड्यांत दोन स्विच असतात. तिथे चौथा टप्पा जसाच्या तसा लागू होत नाही, बाकी सगळा होतो.

## दिवा लागतो कसा, एवढं आधी बघा

इंजिनच्या तळाला चेंबर असतो, त्यात ऑइल साठतं. त्यात बुडालेल्या जाळीतून पंप ऑइल ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि मुख्य वाहिनीवाटे क्रँक, कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं, कॅमशाफ्ट अशा फिरत्या भागांपर्यंत पोहोचवतो. या वाटेवर, बहुधा फिल्टरच्या आसपास, स्विच बसवलेला असतो. त्याच्या आत एक पातळ पडदा, त्यामागे स्प्रिंग आणि दोन संपर्कबिंदू. प्रेशर नसताना स्प्रिंग हे दोन बिंदू जुळवून ठेवते. मग दिव्याची वायर स्विचच्या धातूच्या अंगातून, आट्यांमधून, इंजिनच्या ब्लॉकला अर्थ होते आणि दिवा पेटतो. इंजिन सुरू झालं, ऑइलने पडदा दाबला की बिंदू सुटतात आणि दिवा विझतो. बस, एवढंच यंत्र आहे.

आता आकडे. हा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला, म्हणजे ५ ते ७ पीएसआयला काम करतो. धडधाकट इंजिन गरम झाल्यावर आयडलला (रेस न देता) १ बारच्या आसपास किंवा वर असतं आणि चालत्या गाडीत ३-४ बार. म्हणजे हायवेवर लाल दिवा लागला, तर प्रेशर ३-४ बारवरून अर्ध्या बारच्याही खाली गेलेलं आहे. हा दिवा आगाऊ सूचना देत नाही. तो लागतो तेव्हा बेअरिंगमधला ऑइलचा थर तुटायला लागलेला असतो.

ऑइलची पातळीही हा दिवा मोजत नाही. चेंबरमध्ये ऑइल बरंच कमी असलं, तरी जाळी बुडालेली असेपर्यंत प्रेशर ठीक राहतं आणि दिवा गप्प असतो. पातळीचा दिवा वेगळा, बहुधा पिवळा, आणि तो सगळ्या गाड्यांत नसतोच. ‘दिवा लागला नाही, म्हणजे ऑइल आहे’ या भरवशावर डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) सहा-सहा महिने बाहेर न काढणारे लोक आहेत. त्यांच्यासाठीच हा लेख जास्त आहे.

## टप्पा १: तयारी, दिवा लागण्याच्या आधीची

रोज चावी ऑन करा, सेल्फ मारण्याआधी क्षणभर थांबा आणि लाल कुपी पेटलेली दिसते का बघा. बटणाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दोनदा दाबलं की हेच होतं. इंजिन सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत दिवा विझायला हवा.

चावी ऑन केल्यावर दिवा लागतच नसेल, तर ‘सगळं छान आहे’ असं समजू नका. बल्ब गेलाय, वायर निघालीय किंवा कुणीतरी ती मुद्दाम काढलीय. जुनी गाडी विकत घेताना ही तपासणी न चुकता करा. गरम इंजिनवर लुकलुकणारा दिवा झाकायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वायर उपटून ठेवणे, आणि तो करणारे कमी नाहीत.

डिपस्टिक पंधरवड्यातून एकदा तरी बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. पट्टी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढून वाचा. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते धरू नका, नळीला लागलेलं ऑइल पट्टीवर येऊन भलतंच दाखवतं. पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवी. बऱ्याच छोट्या गाड्यांत या दोन खुणांत जवळजवळ एक लिटरचा फरक असतो.

डिकीत गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं लिटरभर ऑइल, छोटं नरसाळं, जुनं सुती फडकं, टॉर्च आणि तिकोनी रिफ्लेक्टर ठेवा. बाकी हत्यारं घरी चालतील.

## टप्पा २: चालत्या गाडीत दिवा लागला

क्रम असा:

१. ॲक्सिलरेटर सोडा. रेस अजिबात देऊ नका. ‘रेस दिली की दिवा जातो’ हा प्रयोग करायची ही वेळ नव्हे.

२. इंडिकेटर देऊन डावीकडे या. पुढचा ढाबा, पुढचा पंप नको. जिथे सुरक्षित जागा दिसेल, तिथेच.

३. सपाट रस्त्यावर क्लच दाबून गाडी आयडलला घरंगळू द्या.

४. गाडी पूर्ण थांबली की हँडब्रेक लावा आणि लगेच इंजिन बंद करा. मग पार्किंग लाइट (चारही इंडिकेटर).

सावधान: गाडी चालती असताना चावी बंद करू नका. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जातं, ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांत रिकामा होतो आणि चावी बाहेर ओढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. कसारा किंवा बोरघाट उतरताना हे जिवावर बेतेल. उतारावर गाडी न्यूट्रलमध्येही टाकू नका. गिअरमध्येच, ब्रेक लावत, पहिल्या रुंद जागेला थांबा. इंजिन वाचवायचंय हे खरं, पण त्यात बसलेली माणसं आधी.

तपासा: लाल कुपीबरोबर बॅटरीचा दिवाही लागलाय का? दोन्ही एकदम लागले असतील, तर बहुधा इंजिनच बंद पडलंय, सिग्नलला क्लच चुकीचा सुटला की होतं तसं. गाडी पुन्हा सुरू केल्यावर दोन्ही दिवे विझले, तर यात काहीच वावगं नाही.

राष्ट्रीय महामार्गावर मदत लागली तर १०३३ हा क्रमांक लक्षात असू द्या. रिफ्लेक्टर गाडीपासून बराच मागे ठेवा आणि सगळ्यांना गार्डरेलच्या पलीकडे उभं करा.

## टप्पा ३: डिपस्टिक, मग गाडीखाली

पाच-दहा मिनिटं थांबा. याच वेळात वाकून गाडीखाली टॉर्च मारा: थेंब पडतायत का, मागे रस्त्यावर काळी रेघ आलीय का, चेंबर ओला आहे का, फिल्टरच्या कडेने ऑइल येतंय का. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर फिल्टर आणि ड्रेन नटाकडेच आधी बघा. जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलं आणि त्यावरच नवा फिल्टर चढवला, तर दोन रबरांमधून ऑइल धारेने बाहेर येतं. ही चूक वरचेवर होते.

आता डिपस्टिक.

पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल आणि गळती दिसत नसेल, तर ऑइल पाव-पाव लिटरने टाका, दर वेळी थोडं थांबून पट्टी बघा, खुणांच्या मध्ये आणा. मग इंजिन सुरू करा. दोन-तीन सेकंदांत दिवा विझला आणि खालून खटखट ऐकू आली नाही, तर सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जा. ऑइल गेलं कुठे, हे तिथे शोधायचंच आहे.

पातळी ठीक असेल, तर पुन्हा सुरू करून बघू नका. लोक नेमके इथेच चुकतात. ऑइल आहे म्हणजे ‘दिवा खोटा आहे’ असं धरून सेल्फ मारतात. प्रत्यक्षात ऑइल असून प्रेशर नाही, ही जास्त वाईट बातमी आहे. टो करून न्या.

पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल, तर पट्टीचा वास घ्या. पेट्रोल किंवा डिझेलचा वास म्हणजे इंधन ऑइलमध्ये मिसळतंय. सतत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांत हे विशेष होतं, कारण एक्झॉस्टचा फिल्टर जाळून साफ करायला जादा डिझेल सोडलं जातं आणि त्यातलं काही चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की प्रेशर पडतं. वास नसेल आणि ऑइल नुसतंच जास्त भरलं असेल, तर फिरता क्रँक ते घुसळून फेस काढतो. फेस म्हणजे हवा, आणि पंप हवा ओढायला लागला की दिवा लुकलुकतो.

ऑइल दुधाळ दिसलं, तर त्यात कूलंटचं पाणी गेलंय. इथेच थांबा, इंजिनला हात लावू नका.

सावधान: नजरेआडच्या गतिरोधकावर चेंबर आपटला, पण ऑइल सांडलं नाही, म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका. जाळी चेंबरच्या तळापासून अगदी थोड्या अंतरावर असते. तळ पोचा येऊन आत दबला की तो जाळीला टेकतो आणि ऑइल ओढायची वाटच बंद होते. गळती शून्य, पातळी बरोबर, प्रेशर नाही. गाव-रस्त्यांवर हे नेहमीचं आहे, आणि बाहेरून बघून कळतं फक्त खाली झोपून.

## टप्पा ४: वायर तपासणे

हे पातळी बरोबर असेल आणि गाडी सुरक्षित जागी असेल तरच. इंजिन बंद, चावी ऑन, दिवा पेटलेला. स्विचवरची एकेरी वायर काढा आणि ती कुठेही टेकू देऊ नका.

दिवा विझला, तर वायर ठीक आहे. दिवा पेटलेलाच राहिला, तर वायर वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला लागतेय. एक्झॉस्टजवळची, ब्रॅकेटखाली दबलेली जागा आधी बघा. खड्ड्यात आदळल्यावर किंवा इंजिन धुतल्यावरच दिवा लागत असेल, तर संशय इथेच घ्या.

उलट, चावी ऑन केल्यावर दिवा लागतच नव्हता अशी तक्रार असेल, तर काढलेली वायर इंजिनच्या कोऱ्या धातूला टेकवा. दिवा लागला, तर वायर आणि बल्ब चांगले, स्विच किंवा त्याचा अर्थ खराब.

सावधान: ‘वायर काढली, दिवा गेला, म्हणजे स्विच खराब’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. इंजिन बंद असताना प्रेशर शून्यच असतं, त्यामुळे चांगल्या स्विचची वायर काढली तरी दिवा जाणारच. स्विच खोटं बोलतोय की खरं, हे फक्त प्रेशर मोजणारा गेज सांगतो.

तपासा: कनेक्टरच्या आत ऑइल आलंय का? आलं असेल, तर स्विचचा पडदा फाटलाय. तो बदलायचाच, पण पुढच्या टप्प्याआधी नव्हे.

## टप्पा ५: गेज लावून प्रेशर मोजणे

हा टप्पा गाळून थेट स्विच बदलणं ही सगळ्यात महाग पडणारी बचत. गेज लावायला अर्धा तास लागतो. गॅरेजवाला टाळाटाळ करत असेल, तर दुसरं गॅरेज बघा.

१. इंजिन गार असताना स्विच सोडा. खाली फडकं धरा, थोडं ऑइल येईल.

२. त्याच भोकात आटे जुळणारा ॲडॅप्टर लावून मेकॅनिकल गेज बसवा. जबरदस्तीने फिरवू नका. बऱ्याच इंजिनांत ही जागा ॲल्युमिनियमची असते, आटे गेले की प्रकरण वाढतं.

३. गेजची नळी एक्झॉस्ट, फॅन आणि बेल्टपासून लांब बांधा.

४. एकाने गेजकडे बघायचं, दुसऱ्याने सेल्फ मारायचा. पाच सेकंदांत काटा हलला नाही, तर तत्काळ बंद.

५. काटा वर आला, तर रेडिएटरचा फॅन एकदा लागेपर्यंत इंजिन गरम होऊ द्या. गार इंजिनवरचा आकडा इथे कामाचा नाही. ऑइल घट्ट असतं, काटा छान वर दिसतो आणि फसवतो.

६. गरम झाल्यावर दोन आकडे लिहून घ्या: आयडलला किती आणि ३,००० आरपीएमला किती.

हे आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून बघा. ढोबळ अंदाज हवा असेल, तर आयडलला १ बारच्या बरंच खाली आणि ३,००० ला २ बारच्या खाली म्हणजे गडबड. काही नव्या इंजिनांत पंप गरजेनुसार प्रेशर मुद्दाम कमी ठेवतो. त्यांना हा अंदाज लावू नका.

आता वाचन. दोन्ही आकडे चांगले आणि तरी दिवा लागत होता: स्विच बदला, काम संपलं. दोन्ही कमी: जाळी तुंबलीय, पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारी झडप) उघडा अडकलाय किंवा पंप झिजलाय. रेसला ठीक पण गरम आयडलला पडतंय: ऑइल पातळ झालंय, चुकीच्या ग्रेडचं आहे, किंवा बेअरिंगमधली फट वाढलीय. पंप फक्त ऑइल ढकलतो, प्रेशर तयार होतं ते बेअरिंगच्या बारीक फटींतून वाट काढताना ऑइलला होणाऱ्या अडथळ्यामुळे. फट वाढली की अडथळा घटतो, म्हणून झिजलेलं इंजिन आधी आयडलला हरतं. आणि रेस वाढवल्यावर काटा आधी चढून मग घसरत असेल, तर पंप उपाशी आहे, जाळीकडे बघा.

## टप्पा ६: दुरुस्ती, स्वस्तापासून महागाकडे

प्रेशर कमीच निघालं तरी थेट इंजिन उघडायला होकार देऊ नका. आधी मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर टाका आणि पुन्हा मोजा. फरक पडला नाही, तर चेंबर उतरवून जाळी साफ करा. तिथे काय सापडतं ते स्वतः बघा. काळा चिकट गाळ म्हणजे ऑइल बदलायला उशीर झालाय. रबराचे तुकडे म्हणजे, टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो अशा इंजिनात, बेल्ट झडायला लागलाय. चकचकीत धातूचे कण असतील, तर बेअरिंग गेलंय आणि पुढचं बोलणं वेगळं. चेंबर उतरलेलाच आहे, तर रिलीफ व्हॉल्व्ह आणि पंप पोहोचण्यासारखे असल्यास तेही तपासून घ्या. बेअरिंगची फट मोजणं शेवटी.

सावधान: दिवा घालवायला जाड ऑइल टाकायचा सल्ला हमखास मिळेल. ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल लिहिलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाकलं की गेजचा काटा वर येतो, दिवाही जातो. पण बारीक फटींत आणि व्हॉल्व्ह टायमिंगच्या वाहिन्यांत ते ऑइल गार सकाळी वेळेवर पोहोचत नाही. गाडी विकायची असेल तेव्हाच हा ‘उपाय’ सुचतो, असं माझं मत.

गाळाने भरलेल्या जुन्या इंजिनात फ्लशही (गाळ सोडवणारं रसायन) नको. सुटलेला गाळ थेट जाळीवर येऊन बसतो, आणि कालपर्यंत लुकलुकणारा दिवा आज कायमचा लागतो.

## टप्पा ७: नवा स्विच बसवताना

याच गाडीसाठीचा स्विच घ्या. आटे जुळले म्हणून दुसऱ्या गाडीचा बसवला, तर तो वेगळ्या प्रेशरला काम करू शकतो.

आता बारीक पण नेमकी चूक: गळू नये म्हणून आट्यांना टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे घालतात. एका वायरच्या स्विचचा अर्थ आट्यांमधूनच जातो. टेपने धातूला धातू टेकायचाच राहिला, तर दिवा कधीच लागणार नाही, प्रेशर गेलं तरी. स्विचवर कंपनीचं सीलंट आधीच लावलेलं असेल, तर काहीच लावू नका. नसेल, तर सीलंटचा पातळ हात द्या आणि टोकाचा पहिला आटा कोरा ठेवा, म्हणजे सीलंटचा कण आत ऑइलच्या वाटेत जाणार नाही. निमुळत्या आट्यांचा स्विच तळाला टेकेपर्यंत आवळायचा नसतो. घट्ट लागला की थांबा.

कनेक्टर ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडा करून लावा. मग या क्रमाने बघा: चावी ऑन, दिवा लागला पाहिजे. इंजिन सुरू, दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. फिल्टरही बदलला असेल, तर तो भरेपर्यंत थोडा जास्त वेळ लागेल. तेवढ्यात रेस देऊ नका, आणि दहा सेकंद झाले तर बंद करा. वीसेक मिनिटं गाडी फिरवून आणा, गरम आयडलला ठेवून, एसी लावून दिवा लुकलुकतो का बघा. डिपस्टिक पुन्हा वाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू करण्याआधी स्विचच्या बुडाला बोट फिरवा. बोट ओलं झालं, तर पुसून आणखी थोडं आवळा आणि परवा पुन्हा बघा.